मोठा शब्द फोडू द्या

वऱ्हाडातल्या मराठी शाळेतलं पोरगं इंग्रजी वाचताना नेमकं कुठं अडतं, हे पाहून पाहून मला पाठ झालं आहे. 'कॅट', 'रेन', 'मार्केट' इथवर बोट पुस्तकावरून सरळ सरकतं. 'टेम्परेचर' आला की बोट थांबतं, मान वर होते आणि डोळे मास्तरांकडे जातात. मास्तर शब्द म्हणून दाखवतात, सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, आणि दोन पानांनी तोच शब्द पुन्हा आला की बोट पुन्हा तिथंच थांबतं. टेम्परेचर म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं, घरी ताप आला की आईच्या तोंडून तो शब्द त्यानं ऐकलेला असतो. अडचण शब्दाच्या लांबीची असते. लांब शब्दाचं करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी आधी अकोला जिल्ह्यात आणि आंतरजिल्हा बदलीनंतर अमरावती जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातल्या गावांत इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे. अमरावतीत संध्याकाळी गल्लीतली पोरं माझ्याकडे वाचायला येतात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ती पाचवीला यायची. चार वर्षं आधी सुरुवात करूनही दहावीचं पोरगं लांब शब्दापुढं उभंच राहत असेल, तर नुसती वर्षं वाढवून भागणार नाही. लांब इंग्रजी शब्द फोडून वाचणं आणि फोडून समजणं हे रीतसर शिकवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी लागणारं बहुतेक ज्ञान मराठीच्या तासाला त्याच वर्गात, त्याच फळ्यावर शिकवलं जातं. ते इंग्रजीच्या तासाला वापरायची मुभा तेवढी पोरांना मिळत नाही.

सध्या आपण स्पेलिंग पाठ करून घेतो. "एन ए टी यू आर ई नेचर, नेचर म्हणजे निसर्ग." चाल ठरलेली. चुकलं की दहा वेळा लिहून आण. या पद्धतीत पोरासमोर शब्द नसतोच, सुटी अक्षरं असतात. 'नेचर'ची सहा अक्षरं कशीबशी जमतात. 'टेम्परेचर'ला अकरा लागतात, 'एन्व्हायर्नमेंट'लाही अकरा, 'रिस्पॉन्सिबिलिटी'ला चौदा. सुटी चौदा अक्षरं क्रमानं लक्षात ठेवणं मोठ्या माणसालाही जड जातं.

म्हणून पोरं आपली आपण वाट काढतात. 'नेचर'चं 'नटुरे' करतात, 'नॉलेज'चं 'कनोवलेडगे', 'वेन्सडे'चं 'वेड-नेस-डे'. स्टाफरूममध्ये यावर हसणारे पुष्कळ भेटले. मला मात्र त्या पोराचं कौतुक वाटत आलं आहे. नऊ अक्षरांचे त्यानं क-नो-व-लेड-गे असे पाच घास केले आणि पाच घास लक्षात राहतात. शब्द तुकड्यांत ठेवायचा असतो हे त्याला न शिकवता उमगलं. तुकडे कुठं पाडायचे, एवढंच त्याला सांगायला हवं होतं.

हीच युक्ती पुढं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेपर्यंत जाते. 'लेफ्टनंट'चं स्पेलिंग पोरं 'लाय-यू-टेन-अँट' असं ठेवतात आणि 'खोटं तू दहा मुंग्या' म्हणून आठवतात. 'असॅसिनेशन'चं 'गाढव-गाढव-मी-राष्ट्र' तर साऱ्या देशाला माहीत आहे. यानं स्पेलिंग पक्कं होतं यात शंका नाही. पण हा तुकडा नुसता डोळ्यांनी पाडलेला आहे, त्यातून शब्दाचा अर्थ हाती लागत नाही. 'लेफ्टनंट' खरा फुटतो तो दोन तुकड्यांत: 'ल्यू' म्हणजे जागा आणि 'टेनंट' म्हणजे धरणारा. वरच्या अधिकाऱ्याच्या जागी उभा राहणारा तो लेफ्टनंट. भाडेकरूला 'टेनंट' म्हणतात तो हाच, दुसऱ्याचं घर धरून राहणारा. हे एकदा कळलेलं पोरगं मुंग्या विसरलं तरी शब्द विसरत नाही.

म्हणजे शब्द दोन तऱ्हेनं फुटतो, उच्चारानं आणि अर्थानं. खुद्द इंग्रजांच्या घरातही या दोहोंवर एकमत नाही. ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर अमेरिकी छापखाना 'नॉलेज' उच्चाराप्रमाणे तोडतो आणि 'एल' पहिल्या तुकड्यात ठेवतो. जुना ब्रिटिश छापखाना आधी 'नो' म्हणजे 'जाणणे' हा अख्खा शब्द राखतो आणि मग तोडतो. पोरांना दोन्ही तऱ्हा यायला हव्यात. वाचताना पहिली लागते, समजताना दुसरी.

पहिली तऱ्हा आमच्या पोराला जन्मापासून येते. देवनागरीत आपण सुटी व्यंजनं शिकतच नाही. क, का, कि, की अशी स्वर लागलेली अख्खी अक्षरं शिकतो. बाराखडी म्हणजे शब्दाचे घास पाडण्याचाच अभ्यास आहे. अमेरिकेत नोआ वेब्स्टरनं १७८३ साली मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं, पुढं निळ्या पुठ्ठ्यामुळं ते घरोघरी ओळखलं जाऊ लागलं. त्यात अक्षरओळखीनंतर बा-बे-बी-बो-बू अशा जोड्यांचे तक्ते होते आणि मग तुकडे पाडून छापलेल्या शब्दांच्या रांगा. इंग्रजी पोरांना इंग्रजी शिकवण्यासाठी त्यानं बाराखडीच वापरली होती. आपण मात्र इंग्रजीच्या तासाला बाराखडी विसरायला लावतो.

अभंगाचंही तसंच. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे, हे मराठीच्या पुस्तकात असतं. मी पोरांना तुकोबांचा अभंग बोटांवर मोजायला लावत असे. मोझरीच्या राष्ट्रसंतांच्या खंजिरीचा ठेका गावागावांत कानावर पडलेला, त्यामुळे टाळी चुकत नसे. तीच टाळी मग इंग्रजी शब्दावर आणायची. हनुवटीखाली हात धरा, शब्द म्हणा, हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. 'टेम-प्र-चर'. 'एन-व्हाय-रन-मेंट'. चार टाळ्यांचा शब्द कळला की अकरा अक्षरांचं भय उरत नाही, कारण आता एका वेळी दोन-तीन अक्षरंच सांभाळायची असतात.

दोन ठिकाणी इंग्रजी आपल्यापेक्षा वेगळी वागते, ती मात्र मुद्दाम शिकवावी लागते. एक म्हणजे सुरुवातीची जोडाक्षरं. आमच्याकडं 'स्कूल'चं 'इस्कूल' होतं आणि टाळी एक वाढते. दुसरं म्हणजे आघात. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या जोरानं म्हणतो. इंग्रजीत एक तुकडा उचलून म्हणतात आणि बाकीचे दबतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, 'फटॉग्रफी'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर. शब्द एकाच घरचे, तरी ऐकायला निराळे. पोरगं ऐकण्यात गोंधळतं ते इथं, आणि याची कल्पना त्याला कुणी देत नाही.

आता दुसरी तऱ्हा, अर्थानं फोडण्याची. माझा जीव जास्त गुंतला आहे तो इथं.

आठवीच्या वर्गात एकदा मराठीचा तास नुकताच संपला होता. फळ्यावर उपसर्ग आणि प्रत्यय तसेच राहिले होते: अ, बे, ना, गैर, खोर, दार, पणा. मी ते पुसू दिले नाहीत. त्यांच्याखाली मराठीत 'बेजबाबदारपणा' लिहिलं आणि त्याखाली इंग्रजीत 'इररिस्पॉन्सिबिलिटी'. पोरं म्हणाली, "सर, खालचा लय मोठा हाये." म्हटलं, आधी वरचा फोडा. तो त्यांनी चुटकीसरशी फोडला: बे, जबाब, दार, पणा. मग खालचा फोडायला बसलो. पुढचं 'इर' म्हणजे नकार. मग 'रिस्पॉन्स' म्हणजे उत्तर. मग 'इबल', अंगी ती गोष्ट असलेला. शेवटी 'इटी', भाववाचक नाम करणारा. खडूनं वरून खाली चार रेघा ओढल्या. 'बे'खाली 'इर', 'जबाब'खाली 'रिस्पॉन्स', 'दार'खाली 'इबल', 'पणा'खाली 'इटी'. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, हे तं एकच हाये!" दोन दूरदूरच्या भाषांनी एकच गोष्ट त्याच चार विटांनी, त्याच क्रमानं बांधली होती. ज्याच्या अंगी उत्तर देणं आहे तो जबाबदार, आणि तोच रिस्पॉन्सिबल.

त्याच तासाला एकानं विचारलं, की नकाराचं कधी 'इन' होतं, कधी 'इम', कधी 'इल', कधी 'इर', असं काऊन? हा फार चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मराठीच्या व्याकरणात आहे. सत् + जन म्हणजे सज्जन, उत् + लेख म्हणजे उल्लेख. पुढचं व्यंजन मागच्याला आपल्यासारखं करून घेतं, त्याला आपण व्यंजनसंधी म्हणतो. 'इन' आणि 'लीगल'चं 'इल्लीगल' होतं ते 'उल्लेख'च्याच नियमानं, 'इन' आणि 'रेग्युलर'चं 'इर्रेग्युलर' तसंच. स्पेलिंगमध्ये 'एल' आणि 'आर' दोनदा का येतात हे एका संधीनं कळलं. तोवर ते दोनदा लिहायला विसरलं म्हणून पोरांचे गुण जात होते.

दहावीनंतर लांब शब्दांचा प्रश्न फार टोकाचा होतो. मराठी माध्यमातून आलेली पोरं अकरावी विज्ञानाला जातात आणि सगळी पुस्तकं एका उन्हाळ्यात इंग्रजी होतात. नीट-जेईईच्या शिकवण्यांसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून पोरं अकोल्यात येऊन राहतात, घरचे कापूस-सोयाबीनच्या पैशातून खोलीचं भाडं भरतात. पहिल्या महिन्यात पोरगं खचतं ते बहुतेक वेळा विषयानं खचत नाही, शब्दांनी खचतं. आणि इथंच मराठी माध्यमाच्या पोराचं पारडं खरं तर जड असायला हवं, कारण आपल्या परिभाषा करणाऱ्यांनी शब्द तुकड्याला तुकडा जोडूनच घडवले आहेत. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिन' म्हणजे सम्, 'थेसिस' म्हणजे मांडणं, जुळवणं; आपलं प्रकाशसंश्लेषण तसंच बांधलेलं आहे. 'ॲम्फी' म्हणजे दोन्हीकडचा, म्हणून 'ॲम्फिबियन' उभयचर. 'इनव्हर्टिब्रेट' म्हणजे अपृष्ठवंशीय: 'इन' आणि 'अ' एक, पाठीचा कणा दोन्हीकडं मधोमध. 'थर्मोमीटर' म्हणजे तापमापक. ज्या पोरानं अपृष्ठवंशीय हा शब्द समजून पाठ केला आहे, त्याच्या हातात इंग्रजी शब्दाचा नकाशा आधीच आहे. फक्त तो शब्द इंग्रजी शब्दाशेजारी लिहून कुणी दाखवत नाही, आणि पोराला वाटतं की दहा वर्षांचं शिक्षण वाया गेलं.

हे काही केवळ डॉक्टर-इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यांसाठी नाही. गावात सगळ्यात लांब इंग्रजी शब्द कुठं असतात? कृषी सेवा केंद्राच्या फळीवर. एकदा नववीतल्या एका पोरानं कीटकनाशकासोबत येणारं घडीचं माहितीपत्रक आणलं. बापानं ते वाचून दाखव म्हटलं होतं आणि त्याला ते जमलं नव्हतं. आम्ही ते बाकावर उलगडलं. बारीक अक्षर, पहिल्याच ओळीत 'मोनोक्रोटोफॉस'. मो-नो-क्रो-टो-फॉस, पाच टाळ्या. मग मी फळ्यावर आणखी दोन नावं लिहिली, 'प्रोफेनोफॉस' आणि 'क्लोरपायरीफॉस', आणि शेवटच्या तुकड्याखाली रेघ मारली. तिन्ही नावांचा शेवट एकच, कारण तिन्ही फॉस्फरसयुक्त विषांच्या एकाच गटातली. 'सायपरमेथ्रिन', 'डेल्टामेथ्रिन' हा दुसरा गट. 'इमिडाक्लोप्रिड', 'ॲसिटामिप्रिड' तिसरा. शेवटचा तुकडा आडनावासारखा, घराणं सांगणारा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्याची धास्ती तेव्हा आमच्याही गावांनी घेतली होती. शब्द वाचता आल्यानं विष उतरत नाही, त्याला तोंडाला फडकं, हातमोजे आणि वेळेवर दवाखाना लागतो. पण दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न करतात तो कोणतं औषध होतं हाच. त्याचं उत्तर घरातल्या नववीच्या पोराला देता आलं पाहिजे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण बापाला कळतो. नाव पोरानं वाचावं.

त्याच दिवशी 'साइड'ही घेतला. 'इन्सेक्टिसाइड', 'फंगीसाइड', 'हर्बिसाइड', 'वीडीसाइड'. शेवटचं 'साइड' म्हणजे मारणारं, हे मूळ लॅटिन. एकानं विचारलं, "साइड म्हणजे बाजू ना सर?" बाजूच्या 'साइड'मध्ये 'एस' असतो, या 'साइड'मध्ये 'सी', हे तिथंच लक्षात आलं. कुणाला मारणारं ते पुढचा तुकडा सांगतो: कीटक, बुरशी, वनस्पती, तण. कपाशीच्या पट्ट्यात हा फरक फार महागात पडतो. टू-फोर-डी या तणनाशकाला कपाशी अतिशय नाजूक असते, नीट न धुतलेल्या पंपातून थोडं जरी आलं तरी पानं आकसतात आणि झाड वाढायचं थांबतं. ज्या पंपानं धुऱ्यावरचं गवत मारलं त्याच पंपानं कपाशीवर फवारा मारला आणि पीक हातचं गेलं, असं सांगणारे मला पुष्कळ भेटले.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांमुळे पोरांना इंग्रजीतला पंचेचाळीस अक्षरी शब्द ठाऊक असतो आणि परिपाठात तो एका दमात म्हणून दाखवायची हौसही असते. तो शब्द १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांब केलेला. मी त्याला कधी नाही म्हटलं नाही, फक्त फोडून म्हणायला लावलं. न्यूमोनो म्हणजे फुप्फुसाचं, अल्ट्रा अति, मायक्रोस्कोपिक सूक्ष्म, सिलिको वाळूतल्या सिलिकाचं, व्होल्कॅनो ज्वालामुखी, कोनिओसिस धुळीनं होणारा रोग. सहा तुकड्यांत सगळा शब्द उलगडला. मग मी त्यांना 'बिसिनोसिस' सांगायचो, कापसाच्या धुळीनं छातीत होणारा आजार. जिनिंगमध्ये घरचं माणूस कामाला असलेल्या पोरांना त्या शब्दाची ओळख फार जवळून पटायची.

पोरं हक्कानं विचारतात तो आणखी एक प्रश्न: जे अक्षर म्हणत नाहीत ते लिहायचं काऊन? 'साइन'मध्ये 'जी' कशाला? उत्तर शब्दाच्या घरात शोधायचं. 'साइन', 'सिग्नेचर', 'सिग्नल' ही एकाच घरची भावंडं. बँकेत 'सिग्नेचर' म्हणताना आणि चौकात 'सिग्नल' म्हणताना 'ग' स्पष्ट येतो, 'साइन'मध्ये तो गप्प बसतो पण घर सोडत नाही. इंग्रजी स्पेलिंगला सगळे वेडंवाकडं म्हणतात. पुष्कळदा ते उच्चार सोडून नातं सांभाळत असतं, आणि हे पोरांना सांगितलं की त्यांचा त्या भाषेवरचा राग कमी होतो, हे मी पाहिलेलं आहे.

फोडणं चुकूही शकतं, ते खरं. 'टुगेदर'मध्ये 'हर' दिसते, पण तिचा तिथं संबंध नाही. 'हेलिकॉप्टर' सगळे 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडतात. तो ग्रीक आहे, 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टर' म्हणजे पंख. म्हणून शिक्षकाजवळ मूळ दाखवणारा शब्दकोश हवा आणि तो वर्गात सगळ्यांसमोर उघडण्याची सवय हवी.

मेळघाटातल्या शाळांचा विचार इथं वेगळा करायला हवा. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू पोराला मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. कोरकू मुंडा कुळातली, शब्दाला शेपट्या जोडत जाणारी भाषा आहे. शब्द जोडण्या-सोडवण्याचं कसब त्या पोराजवळ घरूनच असतं. त्याच्या शिक्षकानं कोरकूतले पाच-दहा प्रत्यय शिकून घेतले, तर फळ्यावर दोनाऐवजी तीन रांगा होतील आणि पहिली रांग त्या पोराची असेल.

"अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही, त्यात हे कधी करायचं?" असं शिक्षक मित्र विचारतात. मी म्हणतो, दहा वेळा लिहून आण म्हणण्यात, ते तपासण्यात आणि पुन्हा चुकल्यावर पुन्हा लिहायला लावण्यात जो वेळ जातो त्यातच हे होतं. पालकांचं म्हणणं निराळं, की यापेक्षा इंग्रजी माध्यमात घातलेलं बरं. इंग्रजी माध्यमातली पोरंही माझ्याकडे येतात. ती 'फोटोसिंथेसिस' भराभर म्हणतात. 'सिन' म्हणजे काय विचारलं की गप्प होतात, कारण संश्लेषण हा शब्द त्यांना कुणी दिलेला नाही.

करायचं काय, ते मी केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोललो आहे आणि इथंही लिहितो. पाचवी ते आठवीच्या शाळांत मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी उपसर्ग-प्रत्ययांचा धडा एकत्र घ्यावा, एकाच फळ्यावर, दोन रांगांत. सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतले लांब शब्द काढावेत, मराठी पारिभाषिक शब्द शेजारी लिहावा आणि दोघांच्या तुकड्यांखाली रेघा माराव्यात. तो तक्ता वर्गात वर्षभर लावून ठेवावा. घटक चाचणीत 'स्पेलिंग लिहा'च्या जोडीला 'शब्द फोडा आणि तुकड्यांचे अर्थ लिहा' असा प्रश्न यावा, कारण परीक्षेत नसलेलं वर्गात टिकत नाही हे आपण सगळे जाणतो. आणि पहिली-दुसरीत लहान शब्द शिकवतानाच टाळी सुरू करावी. सुरुवातीला 'मार्केट', 'पेन्सिल', 'टोमॅटो' पुरेत. दोन टाळ्या, दोन टाळ्या, तीन टाळ्या.